करार झालाच नव्हता, तर सामाजिक कराराचा सिद्धांत शिकायचा कशासाठी?

घणसोलीहून राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानं तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. थोडक्यात ते असे. पुस्तकात लिहिलंय की माणसांनी आपापसांत करार केला आणि त्यातून राज्य जन्माला आलं. असा करार खरंच कधी झाला होता का? आमच्या आजोबांची भातशेती सिडकोनं (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीनं) घेतली तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं; मग हा सिद्धांत अजून शिकवतात कशाला? आणि मी कशावरही सही केलेली नसताना सरकारचे कायदे मला बंधनकारक कसे?

मी ठाण्यात बरीच वर्षं हा विषय शिकवत आले आहे. आजोबांच्या शेतीचा उल्लेख प्रश्नात आला याचा मला आनंद झाला, कारण या सिद्धांताची खरी कसोटी तिथेच लागते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही. कुठलंही मोठं राज्य मोकळ्या मैदानात जमलेल्या माणसांनी हात वर करून स्थापन केल्याचा पुरावा नाही. १६२० साली मेफ्लॉवर जहाजावरच्या ४१ पुरुषांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरण्याआधी एका करारपत्रावर सह्या केल्या, हे उदाहरण पुष्कळदा पुढे केलं जातं. पण ते इंग्लंडच्या राजाचे प्रजाजन म्हणूनच सह्या करत होते. ज्या भूमीवर ते उतरले तिथे वांपानोआग लोक आधीपासून राहत होते. त्यांना त्या कागदात जागा नव्हती. जहाजावरच्या बायकांनाही नव्हती.

राज्यं प्रत्यक्षात कशी उभी राहिली, याबद्दल मानववंशशास्त्रज्ञांनी आणि इतिहासकारांनी बरंच काम केलंय. रॉबर्ट कार्नेरोनं १९७० मध्ये मांडलेलं म्हणणं मला सर्वांत जास्त विचारात पाडणारं वाटतं. पेरूच्या किनाऱ्यावरच्या अरुंद खोऱ्यांचं उदाहरण घेऊन तो विचारतो, लढाईत हरलेलं गाव पळून का गेलं नाही? कारण एका बाजूला समुद्र, दुसरीकडे डोंगर आणि मधल्या जागेत वाळवंट. ॲमेझॉनच्या जंगलात हरलेली टोळी उठून दुसरीकडे शेत करू शकत होती; इथे जायला जागाच नव्हती. म्हणून हरलेल्यांनी खंडणी देणं पत्करलं आणि त्या खंडणीच्या वसुलीतून राज्य उभं राहिलं. चार्ल्स टिलीनं १९८५ च्या आपल्या निबंधात युरोपातल्या राज्यांबद्दल आणखी कडक शब्द वापरले: युद्ध करणं, त्यासाठी कर गोळा करणं आणि संरक्षणाच्या नावाखाली पैसे उकळणं, यांतूनच तिथली राज्यं घडली आणि संघटित गुन्हेगारीशी त्यांचं नातं जवळचं आहे. धान्य आणि राज्य यांचंही असंच घट्ट नातं आहे. धान्य एका वेळी पिकतं, मोजता येतं, साठवता येतं, म्हणून त्यावर कर बसवता येतो.

आपल्या गावाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. १७८७ मध्ये ठाण्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट सापडला. तो दानपत्र आहे. हजार वर्षांपूर्वीच्या या राज्यानं आपल्यासाठी मागे ठेवलेला कागद जमिनीचाच आहे, प्रजेच्या संमतीचा नाही. पुढे पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं. यातल्या एकाही बदलात इथल्या कोळ्यांना, आगऱ्यांना, विणकरांना कुणी विचारलं नाही.

मग सिद्धांत कशासाठी? इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. सरकार आलं कसं, हा एक प्रश्न. ते मानायचं का आणि कुठपर्यंत, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर इतिहासात शोधायचं. करारवादी मंडळी मुख्यतः दुसऱ्याचं उत्तर देत होती. आपल्याकडे वर्गात हॉब्स, लॉक, रुसो असे तीन रकाने आखून 'निसर्गावस्था, कराराचं स्वरूप, सार्वभौमत्व' भरून घेतात, त्यामुळे ही माणसं आदिमानवाचा इतिहास सांगत होती अशी समजूत होते. या रकान्यांनी विषयाचं फार नुकसान केलंय असं माझं ठाम मत आहे.

थॉमस हॉब्स घ्या. १६४० मध्ये तो जीव वाचवायला पॅरिसला गेला. मागे इंग्लंडमध्ये यादवी पेटली आणि जानेवारी १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. 'लेव्हायथन' १६५१ चं आहे. निसर्गावस्थेतलं, म्हणजे सरकारच नसतानाचं, आयुष्य एकाकी, दरिद्री, ओंगळ, पाशवी आणि अल्पायुषी असतं, हे त्याचं वाक्य सगळे पाठ करतात. पण त्याच प्रकरणात तो म्हणतो की अशी अवस्था साऱ्या जगभर कधी होती असं मला वाटत नाही. पुरावा म्हणून तो वाचकाच्याच सवयी दाखवतो: कायदा आहे, शिपाई आहे, तरी तुम्ही झोपताना दाराला कुलूप लावता, घरातल्या घरात पेट्यांना कुलूप लावता, मग शेजाऱ्याबद्दल तुमचं मत काय आहे? त्याचं भय समोरच्या यादवीचं होतं. सरकार कोसळलं तर काय होतं, ते त्यानं पाहिलं होतं.

हॉब्सची एक गोष्ट मात्र पुस्तकांत एका ओळीत उरकतात. भीतीपोटी दिलेला शब्दही त्याच्या मते बंधनकारक असतो. जिंकणाऱ्यापुढे जीव वाचवण्यासाठी मान तुकवली, तर तोही करारच. आता आजोबांकडे वळा. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ९५ गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घ्यायच्या ठरल्या. त्या कायद्यात 'सार्वजनिक प्रयोजन' सरकारनं जाहीर केलं की मालकाला हरकत घेता येत असे, मोबदल्यावर भांडता येत असे. नकार देता येत नसे. धनादेश घेतला म्हणजे संमती दिली, असं हॉब्स म्हणेल. त्याचा युक्तिवाद कितीही घट्ट असला तरी तुमच्या घरातल्या कुणालाही हे पटणार नाही, आणि मलाही पटत नाही. पर्याय नसताना दिलेल्या होकाराला संमती म्हटलं, तर खंडणी आणि कर यांत फरकच उरत नाही.

जॉन लॉकनं हा फरक धरून ठेवायचा प्रयत्न केला. त्याचे शासनावरचे दोन प्रबंध १६८९ मध्ये निनावी छापले गेले. त्याच्या मते माणसाचे हक्क सरकारच्या आधीचे आहेत. सरकार हे विश्वस्त आहे आणि विश्वासघात केला तर ते बरखास्त होतं. जिंकणाऱ्याला केवळ तलवारीच्या जोरावर राज्य करायचा हक्क मिळत नाही, हे तो हॉब्सच्या उलट स्पष्ट सांगतो. पण सही न केलेल्यांचं काय? त्यावर त्यानं मूक संमतीची तोड काढली. राज्याच्या हद्दीत जमीन बाळगणारा, आठवडाभर मुक्काम करणारा, नुसता रस्त्यानं जाणारासुद्धा मूकपणे संमती देतो.

डेव्हिड ह्यूमनं १७४८ मध्ये याला दिलेलं उत्तर या साऱ्या वादातलं मला सर्वांत आवडणारं आहे. झोपेत उचलून जहाजावर आणलेला माणूस जहाजावर राहिला म्हणून कप्तानाच्या सत्तेला त्याची संमती आहे असं म्हणायचं का? निघायचं तर समुद्रात उडी मारावी लागेल. परदेशी भाषा येत नाही, हातात रोजची मजुरी, अशा गरीब शेतकऱ्याला देश सोडायचं स्वातंत्र्य आहे असं म्हणण्यात अर्थ नाही, असं ह्यूम बजावतो. आज उभी असलेली किंवा इतिहासात नोंद असलेली जवळजवळ सगळी सरकारं बळकावून किंवा जिंकून आलेली आहेत, हेही तोच सांगतो. तुमचा पहिला प्रश्न म्हणजे ह्यूमचाच प्रश्न आहे.

लॉकबद्दल आणखी एक सांगणं आवश्यक आहे. ज्यानं जमिनीत श्रम ओतले त्याची ती जमीन, हे त्याचं तत्त्व ऐकायला न्यायाचं वाटतं. पण नांगर न लागलेली जमीन म्हणजे रिकामी जमीन, असा अर्थ काढून अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या शिकारीच्या रानांवर वसाहती करायला हेच तत्त्व कामी आलं. लॉक स्वतः कॅरोलिना वसाहतीच्या मालकांचा चिटणीस होता, आणि तिथल्या १६६९ च्या घटनेत गुलामावर मालकाला पूर्ण सत्ता दिलेली होती. खाडीत जाळं टाकणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. करारात कोण मोजला जातो आणि कोण नाही, हे बहुधा अशा कागदांनीच ठरतं.

बायकांचंही तेच. कॅरोल पेटमननं १९८८ मध्ये दाखवून दिलं की या कराराच्या कथेत सही करणारे सगळे कुटुंबप्रमुख पुरुष आहेत. हे लांबचं नाही. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः सहहिस्सेदार मानणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये आली. नवी मुंबईसाठी जमिनी घ्यायला सुरुवात झाली ती त्याच्या वीसेक वर्षं आधी. आपल्या आत्यांना, आजीच्या बहिणींना मोबदल्यातलं काय मिळालं, एवढं घरी विचारून पाहा.

आता रुसो. 'माणूस जन्मतः स्वतंत्र आहे आणि सर्वत्र तो बेड्यांत आहे' या १७६२ च्या ओळीपाशी विद्यार्थी थांबतात. खरं तर रुसोचे करार दोन आहेत. पहिला १७५५ च्या विषमतेवरच्या प्रबंधात आहे. ज्यानं पहिल्यांदा जमिनीला कुंपण घालून 'ही माझी' म्हटलं आणि ज्याला विश्वास ठेवणारी भोळी माणसं भेटली, तो समाजाचा खरा संस्थापक, असं तो लिहितो. पुढे भांडणं वाढतात. ज्याच्याकडे गमावण्यासारखं जास्त आहे तो श्रीमंत पुढे येऊन गोड शब्दांत सांगतो: चला, सगळ्यांच्या रक्षणासाठी कायदे करू. गरीब धावत येऊन बेड्या घालून घेतात. हा फसवणुकीचा करार, आणि सरकार प्रत्यक्षात असंच जन्मलं असणार असं रुसोला वाटतं. सात वर्षांनंतरच्या पुस्तकात तो विचारतो, सरकार वैध ठरायचं असेल तर करार कसा असायला हवा होता? दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की तुमचा दुसरा प्रश्न पुष्कळसा सुटतो. घडलेला करार अन्यायाचा होता, हे रुसोला ठाऊक आहे. तो अन्यायाचा होता असं म्हणायला माप हवं, म्हणून तो दुसरा करार मांडतो.

आपल्याकडच्या कथा या वादात शोभेपुरत्या आणल्या जातात, ते मला खटकतं. त्यांत मोठा ऐवज आहे. दीघनिकाय या बौद्ध पाली ग्रंथातल्या अग्गञ्ञ सुत्तात तांदूळ आधी सगळ्यांचा असतो. माणसं साठवायला लागतात, शेतांना बांध घालतात, मग कुणीतरी दुसऱ्याच्या वाट्याचं चोरतं. चोरीमागून दोषारोप, खोटं बोलणं आणि मारहाण येते. तेव्हा लोक आपल्यातल्याच एका समर्थ माणसाला निवडतात आणि कामाच्या बदल्यात त्याला तांदळाचा वाटा देतात. तो महासम्मत. त्याला लोकांनी नेमलं. देवानं पाठवलं नाही. महाभारताच्या शांतिपर्वात एके ठिकाणी सांगितलंय की आधी राज्य नव्हतं, राजा नव्हता, दंडही नव्हता, लोक धर्मानंच एकमेकांचं रक्षण करत. दुसऱ्या ठिकाणी मोठा मासा लहान्याला खातो तशा अवस्थेला कंटाळलेली माणसं मनूकडे जातात. पापाचं भय वाटून तो आधी नकार देतो. मग लोक पशू आणि सोन्याचा पन्नासावा, धान्याचा दहावा भाग द्यायचं कबूल करतात. 'मी रक्षण करीन' म्हणून जो राजा रक्षण करत नाही त्याला पिसाळलेल्या कुत्र्यासारखं एकत्र येऊन मारावं, इतकं कडक वचन अनुशासनपर्वात आहे.

कौटिल्याची कथा तर विद्यार्थ्यांनी मुद्दाम मुळातून वाचावी. मत्स्यन्यायानं पिडलेल्या लोकांनी मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा, मालाचा दहावा भाग ठरवून दिला, असं अर्थशास्त्रात येतं. पण कुणाच्या तोंडी? राजाच्या हेरांच्या. तीर्थांवर, सभांमध्ये, गर्दीत दोन हेरांनी खोटा वाद घालायचा. एकानं राजाच्या करांवर टीका करायची आणि दुसऱ्यानं ही कथा सांगून लोकांना गप्प करायचं. कराराची गोष्ट सत्तेला आवर घालते तशी सत्तेच्या बाजूनंही वापरता येते, हे कौटिल्याला स्वच्छ दिसत होतं. म्हणून ही गोष्ट ऐकताना ती कोण सांगतंय ते बघायचं.

माझं स्वतःचं म्हणणं आता सांगते. संमती सरकारच्या जन्माच्या वेळी शोधू नका, तिथे ती सापडत नाही. सरकार आधी येतं, बहुतेक वेळा जोरावर. संमती मागाहून, हप्त्याहप्त्यानं, लोकांनी भांडून वसूल केलेली असते. आणि उशिरा लिहिलेला करारही करारच असतो.

नवी मुंबईइतकं उघड उदाहरण क्वचित मिळेल. १९७० पासून जवळपास दोन दशकं हे शहर एका सरकारी कंपनीनं आखलं, बांधलं, चालवलं. गावांत ग्रामपंचायती होत्या, पण शहर म्हणून लोकांनी निवडलेली संस्था नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई–दास्तान फाट्याचं आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या संघर्षातून साडेबारा टक्क्यांची योजना आली, १९९० नंतर ती अमलात येऊ लागली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. महानगरपालिका १ जानेवारी १९९२ ला सुरू झाली आणि तिची पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. क्रम पाहा. जमीन गेली, शहर आलं, माणसं मेली, मग अटी लिहिल्या गेल्या, आणि शेवटी मत मिळालं.

देशाच्या पातळीवरही क्रम फार वेगळा नाही. १९४६ मधली संविधान सभा प्रांतिक विधिमंडळांनी निवडली होती, आणि ती विधिमंडळं मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या अटी लावलेल्या मर्यादित मतदारांनी. 'आम्ही भारताचे लोक' म्हणणाऱ्या संविधानाला प्रत्येक प्रौढाच्या मतदानाचं बळ मिळालं ते १९५१–५२ च्या निवडणुकीत. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात जो इशारा दिला तो मी कराराच्या सिद्धांतातला भारतीय अध्याय मानते: राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण पाऊल टाकत आहोत, ती लवकर दूर केली नाही तर विषमता भोगणारे लोक ही लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील. करार पाळला जाण्याची अटच त्यांनी त्या दिवशी सांगून ठेवली.

जॉन रॉल्सची १९७१ ची कल्पना इथे हाताशी घ्यावी. आपण कोण असू ते ठाऊक नसताना नियम ठरवायचे. तुम्ही घणसोलीचे खातेदार असाल, कुळ असाल, मिठागरावरचे मजूर असाल, किंवा लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून वाशीच्या फ्लॅटची वाट पाहणारं कुटुंब असाल. भूसंपादनाचा कुठला नियम या सगळ्यांना मान्य होईल? १८९४ चा नक्कीच होणार नाही. २०१३ च्या कायद्यानं खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के आणि सार्वजनिक-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक केली, सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला मात्र संमतीची अट नाही. तिथे करार अजून अपुरा आहे, असं म्हणायला रॉल्सचा आधार मिळतो.

राहिला तिसरा प्रश्न, तुमच्या बांधिलकीचा. मूक संमतीवर ती उभी करू नका. ह्यूमनं तो पाया खणून काढला आहे. मला एच. एल. ए. हार्ट यांनी १९५५ मध्ये मांडलेला मुद्दा जास्त भक्कम वाटतो: अनेकांनी स्वतःवर निर्बंध घालून चालवलेल्या व्यवस्थेचा लाभ तुम्ही घेत असाल, तर तुमच्या वाट्याचे निर्बंध तुम्ही टाळणं त्यांच्यावर अन्याय आहे. तुमच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं. त्याची पट्टी भरणाऱ्या शेजाऱ्यांचं तुम्ही देणं लागता. ते देणं मुख्यतः त्यांचं आहे, सत्तेवर बसलेल्या माणसांचं नाही. म्हणून त्याला मर्यादाही आहे. ओझं एका गटावर आणि लाभ दुसऱ्याकडे, असा व्यवहार कायम चालला तर त्या गटाची बांधिलकी तेवढी कमी होते. वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जाणारे आणि रस्त्यावर बसणारे प्रकल्पग्रस्त माझ्या मते कायदा मोडणाऱ्यांत मोडत नाहीत. कराराची दुसरी बाजू पाळली गेली नाही, म्हणून ते तिची मागणी करत होते.

वाचायचा क्रम विचाराल तर रुसोच्या १७५५ च्या प्रबंधाचा दुसरा भाग आधी घ्या, मग ह्यूमचा निबंध, मग लॉकच्या दुसऱ्या प्रबंधातलं राज्यसंस्थेच्या प्रारंभावरचं आठवं प्रकरण. अग्गञ्ञ सुत्ताचा राजाच्या निवडीचा भाग छोटा आहे, एका बैठकीत होईल. हॉब्स शेवटी वाचा, घाई न करता. आणि परीक्षेच्या उत्तरात संमतीची चर्चा कराल तेव्हा साडेबारा टक्क्यांचं उदाहरण बिनदिक्कत लिहा. ते मूळ मुद्द्यावरच आहे.